एक वर्ष, सतरा गाणी: यूरोव्हिजनच्या जुन्या सिंगल्स जमवायला सुरुवात करताना

दर वर्षी मे महिन्यात यूरोव्हिजनची, म्हणजे युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेची, अंतिम फेरी झाली की पुढच्या आठवड्यात कोणाचा तरी फोन येतोच. "ताई, तुमच्याकडे त्या स्पर्धेच्या जुन्या रेकॉर्ड्स आहेत म्हणे. आम्हालाही जमवाव्याशा वाटतात. सुरुवात कुठून करायची?" मी सोळा वर्षं नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला राहते आणि त्यातली बारा या सिंगल्सच्या, म्हणजे एका बाजूला एकच गाणं असलेल्या छोट्या तबकड्यांच्या, मागे गेली आहेत. आजवर प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगत आले. आता सगळं एका ठिकाणी लिहून काढते. युरोपात राहणाऱ्यांना याचा थेट उपयोग होईल. भारतात राहून जमवायचं असेल तर काही गोष्टी वेगळ्या आहेत, त्या त्या-त्या जागी सांगेन.

आधी स्पर्धेबद्दल थोडं. २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लुगानो शहरात पहिली यूरोव्हिजन झाली. सात देश, प्रत्येकाची दोन गाणी, आणि जिंकली यजमान देशाचीच लीस आसिया. पुढे गाणं तीन मिनिटांत संपलं पाहिजे असा नियम आला आणि तो आपल्यासारख्यांच्या चांगलाच पथ्यावर पडला. मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या सात इंची रेकॉर्डच्या एका बाजूवर तीन मिनिटांचं गाणं ऐसपैस मावतं. आरसीए व्हिक्टर कंपनीने ही ४५ची रेकॉर्ड १९४९ साली अमेरिकेत आणली होती. यूरोव्हिजन सुरू झाली तोवर ती युरोपातही रुळत होती, आणि १९९०च्या सुमारास सीडीने तिला मागे सारलं. म्हणजे आपलं क्षेत्र साधारण पस्तीस वर्षांचं आहे. एका माणसाला एका आयुष्यात पेलेल एवढंच.

काय जमवायचं ते आधी ठरवा

नवीन माणूस बहुतेक वेळा विजेत्यांपासून सुरुवात करतो. मला ते पटत नाही. विजेत्या गाण्यांच्या रेकॉर्ड्स भरमसाट खपल्या, त्यामुळे त्या आजही ढिगाने सापडतात. सँडी शॉचं १९६७चं 'पपेट ऑन अ स्ट्रिंग', ब्रदरहुड ऑफ मॅनचं १९७६चं 'सेव्ह युअर किसेस फॉर मी', निकोलचं १९८२चं 'आइन बिसखेन फ्रीडन' ही तिन्ही गाणी जुन्या बाजारातल्या पहिल्या चार-पाच खोक्यांतच हाताला लागतील. काही महिन्यांत यादी बरीचशी भरते. उरतात त्या पन्नासच्या दशकातल्या मोजक्या आणि महागड्या रेकॉर्ड्स, आणि हौस तिथेच अडकून बसते.

माझं सांगणं असं की एक वर्ष धरा. त्या वर्षीची सगळी गाणी जमवा, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. एका वर्षाचे सगळे देश शेजारी-शेजारी लावले की त्या काळचा युरोप समोर उभा राहतो. कुठे हुकूमशाही आहे, कुठे सार्वमत चाललंय, कोणती भाषा कुठे चालते, हे सगळं त्या दहा-पंधरा पाकिटांत सापडतं. हे नुसत्या विजेत्यांच्या रांगेत कधीच दिसत नाही.

मी स्वतः १९७४ धरलं, म्हणून उदाहरण त्याचंच देते. जिंकलेल्या देशाने पुढच्या वर्षी यजमान व्हायचं अशी रीत, पण १९७३ला लक्झेंबर्गने सलग दुसऱ्यांदा जिंकल्यावर पुन्हा यजमान व्हायला नकार दिला होता, म्हणून स्पर्धा इंग्लंडमध्ये ब्रायटनला झाली, ६ एप्रिल १९७४ रोजी. सतरा देश उतरले. अ‍ॅबाचं 'वॉटरलू' हे स्वीडनचं गाणं २४ गुण मिळवून जिंकलं, आणि ही रेकॉर्ड तुम्हाला पहिल्याच महिन्यात मिळेल. खरी गंमत उरलेल्या सोळांत आहे.

दुसरा नंबर इटलीच्या जिल्योला चिंक्वेत्तीचा. दहा वर्षांपूर्वी, १९६४ साली, सोळा वर्षांची असताना तिने स्पर्धा जिंकली होती. १९७४च्या तिच्या गाण्याचं नाव होतं 'सी', म्हणजे 'हो'. मे महिन्यात इटलीत घटस्फोटाच्या कायद्यावर सार्वमत होणार होतं आणि गाण्यात तर पुन्हा-पुन्हा 'हो, हो'. मतदारांवर परिणाम होईल म्हणून इटलीच्या सरकारी दूरचित्रवाणीने सार्वमत होईपर्यंत ते गाणं लोकांना दाखवलंच नाही. ज्या देशाचं गाणं दुसरं आलं, त्याच देशातल्या लोकांना त्या रात्री ते पाहता आलं नाही. तिची इटालियन छपाईची, म्हणजे इटलीतच तयार झालेली, प्रत हातात घेतली की मला हे दर वेळी आठवतं.

पोर्तुगालच्या पाउलो द कार्व्हाल्योला अवघे तीन गुण मिळाले आणि तो तळाला राहिला. नॉर्वे, जर्मनी आणि स्वित्झर्लंडचेही तेवढेच. पण त्याच्या 'ई देपोइश दु अदेउश' या गाण्याचं पुढे काय झालं बघा. नावाचा अर्थ 'आणि निरोपानंतर'. स्पर्धेला अठरा दिवस झाले होते. २४ एप्रिलच्या रात्री ११ला पाच मिनिटं कमी असताना लिस्बनच्या एका रेडिओ केंद्राने हे गाणं लावलं, आणि ती सैन्यातल्या बंडखोर अधिकाऱ्यांसाठी सज्ज होण्याची पहिली खूण होती. दुसऱ्या दिवशी पोर्तुगालमधली जवळजवळ अर्धशतकाची हुकूमशाही कोसळली. तळाला गेलेलं एक प्रेमगीत, आणि त्याची ही रेकॉर्ड आजही बाजारात मिळू शकते. मला सांगा, फक्त विजेते जमवणाऱ्याच्या कपाटात ती कशी येणार?

आणखी एक रेकॉर्ड अशी की जी सतरांत मोजली जात नाही, तरी मी ती याच रांगेत ठेवते. फ्रान्सने त्या वर्षी दानी नावाच्या गायिकेला निवडलं होतं. स्पर्धेच्या चार दिवस आधी, २ एप्रिलला, राष्ट्राध्यक्ष पाँपिदू वारले आणि फ्रान्सने माघार घेतली. दानीचं 'ला वी आ व्हँसँक आँ' स्पर्धेत गायलं गेलं नाही, पण रेकॉर्ड निघालीच होती.

वर्ष धरायचं नसेल तर देश धरा. मी राहते त्या नेदरलँड्सचे त्या काळातले चार विजेते आहेत: कॉरी ब्रोकन १९५७, टेडी स्कॉल्टन १९५९, लेनी कूर १९६९ आणि टीच-इन १९७५. किंवा एक गायक धरा. लखनौला जन्मलेला क्लिफ रिचर्ड १९६८ साली 'काँग्रॅच्युलेशन्स' गाऊन एका गुणाने हरला आणि १९७३ साली तिसरा आला. या दोन गाण्यांच्याच देशोदेशीच्या छपाया जमवायला घेतल्या तर वेगवेगळी पाकिटं बघायला मिळतात. काहीही धरा, पण काहीतरी धरा. "दिसेल ती घेतो" असं म्हणणाऱ्यांच्या घरी मी खोकीच्या खोकी पडलेली पाहिली आहेत, ज्यांत काय आहे ते त्यांनाही ठाऊक नसतं.

रेकॉर्डच्या आधी यंत्र

हा भाग थोडक्यात. रेकॉर्ड प्लेयरला ४५चा वेग हवा आणि सुईचा दाब कमी-जास्त करता आला पाहिजे. बहुतेक चांगल्या सुयांना दोन ग्रॅमच्या आसपास दाब पुरतो. सुटकेससारखी बंद होणारी स्वस्त यंत्रं दिसायला गोड असतात, पण त्यांतल्या बऱ्याच जणांची सुई जड बसते आणि पन्नास वर्षं टिकलेल्या खाचा घासून काढते. त्यापेक्षा थोडे पैसे साठवून वापरलेलं पण नीट दुरुस्त केलेलं यंत्र घ्या, आणि सुई मात्र नवीनच बसवा.

सोबत एक मधली चकती लागते. ४५च्या रेकॉर्ड्सची भोकं दोन मापांची असतात. ब्रिटिश सिंगल्सना सहसा एलपीसारखंच लहान भोक असतं आणि भोवतीचा भाग ज्यूकबॉक्ससाठी, म्हणजे नाणं टाकल्यावर गाणं वाजवणाऱ्या यंत्रासाठी, मोडून काढता येतो. युरोपच्या मुख्य भूमीवरच्या बऱ्याच रेकॉर्ड्सना सरळ ३८ मिलिमीटरचं मोठं भोक असतं. त्यात बसवायची प्लास्टिकची चकती अगदी थोड्या पैशांत मिळते. दोन घ्या, एक नक्की हरवते.

कुठे शोधायच्या

पुण्यात वाढलेल्या माणसाला जुन्या बाजाराची सवय असते. बुधवारी-रविवारी बाबांबरोबर तिथे जायचे, तेव्हाच मला जमिनीवर मांडलेल्या वस्तूंकडे वाकून बघायची गोडी लागली. युरोपात तीच सवय उपयोगी पडते.

नेदरलँड्समध्ये 'क्रिंगलोप' म्हणतात ती दान आलेल्या वस्तूंची दुकानं गावोगावी आहेत. घर रिकामं करताना लोक आजी-आजोबांच्या सगळ्या रेकॉर्ड्स तिथे नेऊन देतात. सिंगल्स बहुधा कोपऱ्यातल्या खोक्यांत, कसल्याही क्रमाशिवाय ठेवलेल्या असतात. एका खोक्याला वीस मिनिटं द्यावी लागतात, पण मला सर्वांत जास्त सापडलं ते तिथेच. ब्रिटनमध्ये हेच काम चॅरिटी शॉप्स करतात, आणि रविवारी सकाळी मैदानात गाडीच्या डिकीतून वस्तू विकतात ते बाजार. जर्मनीत 'फ्लोमार्क्ट', स्वीडनमध्ये 'लॉपिस'. ब्रसेल्सच्या जद बाल चौकात जुना बाजार रोज सकाळी भरतो. लिस्बनला गेलात तर मंगळवारी किंवा शनिवारी फेइरा द लाद्रा गाठा.

२७ एप्रिल हा नेदरलँड्समध्ये राजाचा वाढदिवस. त्या दिवशी कोणालाही परवान्याशिवाय रस्त्यावर घरातल्या वस्तू विकता येतात. सगळं गाव चादरी पसरून बसतं. सकाळी सातच्या आत बाहेर पडा. रेकॉर्ड्सचे व्यापारीही त्या दिवशी खरेदीला निघतात, आणि दहापर्यंत चांगली खोकी चाळून झालेली असतात.

मोठे रेकॉर्ड मेळे वेगळे. उट्रेख्तचा मेळा वर्षातून दोनदा असतो, एप्रिल आणि नोव्हेंबरच्या आसपास, आणि तिथे जगभरचे विक्रेते येतात. तिथे भाव जास्त, पण खोकी देशवार आणि नाववार लावलेली असतात. युगोस्लाव्हिया, ग्रीस, इस्रायल, फिनलंड यांच्या रेकॉर्ड्स साध्या बाजारात सहसा दिसत नाहीत. लहान बाजारपेठांत कमी प्रती निघाल्या आणि त्यातल्याही थोड्याच देशाबाहेर गेल्या. अशा रेकॉर्ड्ससाठी मेळाच बरा. विक्रेत्याला आपली यादी दाखवायला लाजू नका. पुढच्या मेळ्याला तो तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवतो, हा माझा अनेकदा आलेला अनुभव आहे.

भारतात शोधायचं तर मुंबईच्या चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर जुन्या रेकॉर्ड्स आहेत, पण ढीग हिंदी चित्रपटसंगीताचा. इंग्रजी पॉपची सिंगल त्यात एखादी निघाली तर निघाली. भारतातून जमवणाऱ्याला ऑनलाइन खरेदी हाच मुख्य रस्ता, त्याबद्दल पुढे.

खोक्यापाशी उभं राहिल्यावर

हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. जरा सावकाश वाचा.

पहिल्याच वर्षी एका रस्त्यावरच्या बाजारात मला लेनी कूरच्या 'द ट्रूबादूर'चं पाकीट दिसलं. कोपरे शाबूत, रंग ताजे, मागे बॉलपेनने कोणा मुलीचं नाव आणि '१४' असा आकडा. तिच्या रेकॉर्ड्सपैकी चौदावी असणार. मी आनंदात पैसे दिले आणि घरी आले. पाकिटातून काढली तर आत सिंटरक्लासच्या सणाची बालगीतं. पन्नास वर्षांत, कोणाच्या तरी घरी, एखाद्या वाढदिवसाच्या संध्याकाळी दोन रेकॉर्ड्स एकमेकींच्या पाकिटांत गेल्या आणि तशाच राहिल्या. त्या दिवसापासून रेकॉर्ड बाहेर काढून तिच्या मध्यावरचा, गाण्याचं नाव छापलेला कागद वाचल्याशिवाय मी पाकिटाला हात लावते, पण पैशांना नाही.

रेकॉर्ड काढताना पाकीट किंचित फुगवा आणि तबकडी अंगठा व मधल्या बोटाच्या टोकांवर, फक्त कडेने, धरा. आता ती डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून बघा. बशीसारखी वाकलेली किंवा कडेला लाट आलेली असेल तर लगेच कळतं. उन्हात, काचेमागे किंवा हीटरजवळ राहिलेल्या रेकॉर्ड्स अशा होतात. थोडी वाकलेली चालते, पण कडेची एकच उभी लाट असेल तर सुई तिथे उडी मारते.

मग तबकडी उजेडाकडे तिरकी करा आणि हळूहळू फिरवा. चांगल्या रेकॉर्डवर उजेडाचा एकच स्वच्छ पट्टा फिरतो. खाचा झिजलेल्या असतील तर काळेपणाऐवजी करडी, धुरकट झाक दिसते, बहुधा गाण्याच्या जोरकस भागांत. ही झीज पुसून जात नाही. जड सुईने शंभरदा वाजवलेलं आवडतं गाणं असंच दिसतं, आणि ते वाजवल्यावर गायकाच्या 'स'मध्ये खरखर येते. बाजारात हजार ओरखड्यांपेक्षा मला या करड्या झाकेची भीती जास्त वाटते.

ओरखडे दिसले तर बोटाचं पेर हलकेच त्यावरून फिरवा. बोटाला लागत नसेल तर तो पाकिटाने पडलेला वरवरचा चरा, सहसा ऐकू येत नाही किंवा थोडं टिकटिकतो. बोटाला लागला तर दर फेरीला ठोका ऐकू येणार. खाचेच्या दिशेने गेलेला खोल चरा सर्वांत वाईट, कारण सुई तिथेच अडकून तोच शब्द घोळवत राहते. पहिल्या काही खाचांकडे विशेष लक्ष द्या, सुई तिथेच टेकवतात आणि तिथेच आदळते.

मधल्या भोकाभोवती बघा. कागदावर बारीक रेघांचं जाळं असेल तर ती खूप वेळा, अंधारात चाचपडत, खुंटीवर बसवलेली आहे; म्हणजे खूप वाजलेली आहे. ब्रिटिश रेकॉर्डचा मधला भाग मोडलेला किंवा यंत्राने कापलेला असेल तर ती ज्यूकबॉक्समधून आलेली असण्याची शक्यता आहे. चकती लावून ती वाजेल, पण झीज तपासूनच घ्या.

एक शेवटची तपासणी. सगळ्या सिंगल्स व्हिनाइलच्या नसतात. काही देशांत साच्यात ओतलेल्या पॉलिस्टायरीनच्याही छापल्या गेल्या. त्या जास्त ताठ असतात, नखाने टिचकी मारली तर आवाज बारीक, टणक येतो. झिजलेल्या सुईने त्या फार लवकर खराब होतात. अशी रेकॉर्ड घेताना ती करडी झाक दुप्पट काळजीने बघा.

कागदी पाकिटाबद्दल मी थोडी सैल आहे. कोणाचं नाव, पार्टीसाठी लावलेला नंबर, दुकानाच्या किमतीची चिकटपट्टी असेल तर बाजारभाव कमी होतो, हे खरं. पण '१४' लिहिणाऱ्या त्या मुलीचं पाकीट मी अजून ठेवलंय. पुढे 'द ट्रूबादूर'ची पाकीट नसलेली रेकॉर्ड एका क्रिंगलोपमध्ये मिळाली, ती आता त्यातच राहते.

कोणत्या देशाची, कोणत्या वर्षाची, कोणत्या भाषेची

एकच गाणं पाच-सहा देशांत छापलं जायचं, आणि प्रत्येक ठिकाणी कंपनी, पाकीट आणि कधीकधी भाषाही वेगळी. 'वॉटरलू' स्वीडनमध्ये पोलर कंपनीने काढलं, ब्रिटनमध्ये एपिकने, जर्मनीत पॉलिडॉरने. ब्रिटनमध्ये त्या काळी साध्या कंपनीच्या पाकिटात रेकॉर्ड विकायची पद्धत होती. जर्मन, डच, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश रेकॉर्ड्सना मात्र गायकाचा फोटो असलेलं पाकीट असायचं. म्हणून दिसायला देखणा संग्रह हवा असेल तर मुख्य भूमीवरच्या छपाया शोधा. मला स्वतःला गाण्याच्या मूळ देशातली छपाई हवी असते. पोर्तुगालचं गाणं पोर्तुगालमध्ये ऑर्फेऊ कंपनीने छापलेलंच हवं.

देश ओळखायची सोपी खूण मधल्या कागदावर असते. गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचं नाव तिथे छोट्या चौकटीत छापलेलं असतं: जेमा म्हणजे जर्मनी, स्टेमरा म्हणजे नेदरलँड्स, सासेम म्हणजे फ्रान्स, एसआयएई म्हणजे इटली, आणि एनसीबी असेल तर उत्तरेकडचे स्कँडिनेव्हियन देश. ही पाच नावं पाठ करा, अर्धं काम झालं.

वर्षासाठी कागदाच्या कडेची बारीक अक्षरं वाचा. स्पॅनिश पाकिटांवर 'देपोसितो लेगाल' असं लिहून नंबर आणि शेवटी साल असतं. इटालियन रेकॉर्ड्समध्ये गाणं संपल्यानंतरच्या रिकाम्या गुळगुळीत पट्ट्यात कधीकधी तारीखच कोरलेली सापडते. त्या पट्ट्यातले कोरीव आकडे नेहमी उतरवून घ्या. पहिली छपाई आणि नंतरची छपाई यांतला फरक बहुतेक वेळा तिथेच कळतो. 'वॉटरलू'सारख्या गाण्याच्या नंतर अनेक छपाया निघाल्या, २०१४ साली चाळीस वर्षं झाल्याबद्दल चित्र छापलेली तबकडीही आली. त्या सुंदर आहेत, पण १९७४च्या भावाने घेऊ नका.

आता भाषा. १९६६ ते १९७२ आणि पुन्हा १९७७ ते १९९८ या काळात गायकाने आपल्या देशाच्या भाषेतच गायचं असा नियम होता. १९७३ ते १९७६ मोकळीक होती, म्हणून तर अ‍ॅबाने इंग्रजीत गायलं. पण रेकॉर्ड कंपन्यांना प्रत्येक देशात खप हवा असायचा, त्यामुळे एकाच गाण्याच्या अनेक भाषांतल्या आवृत्त्या निघत. अ‍ॅबाने 'वॉटरलू' स्वीडिश, इंग्रजी, जर्मन आणि फ्रेंच अशा चार भाषांत ध्वनिमुद्रित केलं. १९७२ची विजेती व्हिकी लेआंद्रोस हिचं फ्रेंच 'आप्रे त्वा' जर्मनमध्ये 'दान काम्स्ट डू' झालं आणि इंग्रजीत 'कम व्हॉट मे'. पाकिटावरचा फोटो ओळखीचा वाटला तरी गाण्याचं नाव अक्षर-अक्षर वाचा. स्पर्धेत प्रत्यक्ष गायलेली भाषा तुम्हाला हवी आहे की मायदेशात गाजलेली, हे आधीच ठरवून ठेवा. १९७४च्या डच जोडीचं गाणं इथल्या घरांत 'इक झी एन स्टेर' म्हणून वाजलं, ब्रायटनला ते 'आय सी अ स्टार' होतं. माझ्याकडे दोन्ही आहेत.

आणि नक्कल ओळखा. गाजलेलं गाणं दुसऱ्याच गायकाकडून गाऊन घेऊन स्वस्तात विकणाऱ्या कंपन्या त्या काळी होत्या. ब्रिटनमध्ये वूलवर्थ्सच्या दुकानांत १९६५पर्यंत एम्बसी नावाने अशाच रेकॉर्ड्स मिळत. गाण्याचं नाव बरोबर, पण गायक कोण ते बघा.

ऑनलाइन घेताना

डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर प्रत्येक छपाईची वेगळी नोंद असते आणि ती आजवर किती किमतींना विकली गेली तेही दिसतं: सर्वांत कमी, मधली, सर्वांत जास्त. मधली किंमत धरून चाला. कोणी काय मागतोय यापेक्षा ती काय भावाने गेली हे महत्त्वाचं. आपली यादी तिथे भरून ठेवली की एखादी प्रत विक्रीला आल्यावर निरोप येतो.

दर्जाचे शब्द नीट समजून घ्या. मिंट, निअर मिंट, व्हीजी प्लस, व्हीजी (व्हेरी गुड), जी (गुड) असा उतरता क्रम असतो, आणि रेकॉर्डचा दर्जा व पाकिटाचा दर्जा वेगळे दिलेले असतात. 'व्हेरी गुड' ऐकायला छान वाटतं, पण या व्यवहारात त्याचा अर्थ 'खरखर ऐकू येईल, ओरखडे दिसतील' असाच. नुसतं 'गुड' म्हणजे तर बरीच खराब. ऐकायला घ्यायची असेल तर व्हीजी प्लसच्या खाली उतरू नका. एखादी दुर्मीळ रेकॉर्ड फक्त रांग भरायला हवी असेल तेव्हाच तडजोड करा. फोटो नसेल तर मागा, आणि "वाजवून पाहिली का?" हा प्रश्न न चुकता विचारा.

एका सिंगलचा टपालखर्च अनेकदा रेकॉर्डपेक्षा जास्त होतो. म्हणून एकाच विक्रेत्याकडून पाच-सहा एकदम घ्या. रेकॉर्ड पाकिटाच्या बाहेर काढून, दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये पाठवायला सांगा. आत राहिली तर वाटेत हिसक्याने तिची कड पाकिटाची शिवण फाडते. ब्रिटनमधून युरोपियन युनियनच्या देशांत मागवत असाल तर २०२१ पासून त्यावर इथला कर लागतो, तो किमतीत धरा. भारतात मागवलेल्या पार्सलवर सीमाशुल्क लागू शकतं, म्हणून मागवण्याआधी चालू दर बघून घ्या.

भारतातल्यांसाठी मला सर्वांत बरा वाटतो तो मार्ग म्हणजे इथल्या नातेवाइकांच्या पत्त्यावर वर्षभर जमवायच्या आणि कोणी सुट्टीला निघालं की त्यांच्याबरोबर मागवायच्या. एक सिंगल साधारण चाळीस ग्रॅमची. पंचवीस सिंगल्स पाकिटांसकट सव्वा किलोच्या आसपास होतात. हातातल्या बॅगेत, उभ्या, दोन पुठ्ठ्यांत बांधून आणायला सांगा. सामानाच्या मोठ्या बॅगेत नकोत, आणि विमानतळावरून घरी येताना मे महिन्याच्या उन्हात गाडीत ठेवून जेवायला तर मुळीच थांबू नका.

धुणं आणि ठेवणं

बाजारातून आणलेली रेकॉर्ड न धुता वाजवू नका. खाचांतली धूळ सुईखाली सॅंडपेपरसारखं काम करते. डिस्टिल्ड पाणी, त्यात वासाचा नसलेला भांडी घासायचा साबण थेंबभर, आणि मऊ मायक्रोफायबरचं फडकं. खाचांच्या दिशेने, गोल पुसायचं. मधला कागद कोरडा राहिला पाहिजे. मी त्यावर तळहाताएवढी प्लास्टिकची झाकणी दाबून धरते. मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसायची आणि भांड्यांच्या जाळीत उभी ठेवून वाळवायची. नळाच्या पाण्यातले क्षार खाचांत बसतात, म्हणून ते वापरत नाही.

जुन्या आतल्या कागदी पिशव्या बदला आणि बाहेरून पॉलिप्रॉपिलीनचं स्वच्छ कव्हर घाला. मऊ पीव्हीसीची कव्हरं टाळा, वर्षानुवर्षं चिकटून ती रेकॉर्डवर धुरकट डाग पाडतात. रेकॉर्ड्स नेहमी उभ्या, फार घट्ट नाही आणि कलंडतील इतक्या सैलही नाही. मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात पाकिटांना बुरशी धरते. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट वापरू नका. श्रावणात कोरडं ऊन पडलं की खोलीत, थेट उन्हात नाही, सगळ्या एकदा बाहेर काढून कोरड्या ब्रशने पाकिटं झटका.

नोंदवही पहिल्या रेकॉर्डपासून ठेवा. माझी साधी शंभर पानी वही आहे. एका वर्षाला एक पान, डावीकडे त्या वर्षीचे देश गायल्याच्या क्रमाने, आणि पुढे गायक, गाणं, भाषा, कोणत्या देशाची छपाई, पट्ट्यातला कोरीव नंबर, रेकॉर्ड आणि पाकीट यांचा दर्जा, कुठे आणि केवढ्याला घेतली. शेवटच्या रकान्यात पाकिटावर काही लिहिलेलं असेल तर तेही. बाजारात जाताना या पानाचा फोटो फोनमध्ये असू द्या, नाहीतर तीच रेकॉर्ड दोनदा घेतली जाते. १९७४च्या पानावर माझ्या अजून दोन ओळी कोऱ्या आहेत: फिनलंडची कारिता आणि ग्रीसची मारिनेला.